"सायन्स घे, नंतर काहीही करता येतं": हे कितपत खरं?

रानजाई

लेकीचा दहावीचा निकाल लागला. टक्के छान आहेत, गणितात तर फारच. आणि आता बाईसाहेब म्हणतायत आर्ट्स घ्यायचं. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र. हट्ट म्हणून नाही, वर्गातल्या एका मैत्रिणीच्या ताईची अकरावी-बारावीची पुस्तकं आणून स्वतः चाळली तिने. गणित मनापासून आवडतं, पण फिजिक्स-केमिस्ट्रीचं नाव काढलं की तोंड वाकडं.

घरात सासरे, दीर, माझा भाऊ, झाडून सगळे एका सुरात: "सायन्स घेऊ दे, नंतर काहीही करता येतं. आर्ट्स घेतलं की परतीची वाट नाही." नवरा कुंपणावर बसून आहे.

कुठली शाखा चांगली हा वाद मला नकोय, त्यावर इथे ढिगाने धागे आहेत. प्रश्न एवढाच, की हे "नंतर काहीही" किती खरं? नक्की कुठली दारं बंद होतात आणि कुठली नुसतीच बंद वाटतात? अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायचाय, पसंतीक्रम टाकायचेत, हाताशी फार दिवस नाहीत.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. एकच ज्युनिअर कॉलेज, तिन्ही शाखा आहेत. जिल्ह्याचं ठिकाण एसटीने तासाभरावर.

---

खुसपट

धागा शंभरी गाठणार. खिडकीजवळची जागा धरून ठेवतो.

---

बोरूबहाद्दर

ताई, मी ज्युनिअरला गणित शिकवतो. दरवर्षी या दिवसांत हाच प्रश्न घेऊन आईवडील स्टाफरूमच्या दाराशी उभे असतात, त्यामुळे जरा लांबण लागेल.

लोक शाखा-शाखा करतात, पण प्रवेशाचे नियम बहुतेक ठिकाणी विषय विचारतात. त्या हिशोबाने बघा.

फिजिक्स-केमिस्ट्री सोडलं की काय जातं: इंजिनिअरिंगची डिग्री (फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात), आर्किटेक्चर (तिथेही तेच दोन), मेडिकल आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं (फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी), बी.फार्म., बी.एस्सी. ॲग्री. एनडीएच्या परीक्षेतून नौदल आणि हवाई दलात जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं. लष्कराला मात्र बारावी कुठल्याही शाखेची चालते. हे जातं ते बऱ्यापैकी कायमचं जातं. म्हणजे पुन्हा बारावी केली तर येतं, पण ते कोण करतंय.

काय जात नाही: वकिली. बारावीनंतर पाच वर्षांची घ्या नाहीतर कुठलीही डिग्री करून तीन वर्षांची, शाखा कुणी विचारत नाही. सीए फाउंडेशनला बारावी कुठल्याही शाखेची चालते. यूपीएससीला कुठलीही डिग्री. डिझाइनच्या पदवीची प्रवेशपरीक्षा यूसीड सगळ्या शाखांना खुली. आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स २०११ पासून आहे, तोही सगळ्यांना खुला, आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेत गणित चांगलंच घाम काढतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या लेकीने सायन्स सोडलं तर मला काही वाटणार नाही, गणित सोडलं तर मात्र वाटेल. आपल्या बोर्डात 'गणित आणि संख्याशास्त्र' हा ४० क्रमांकाचा विषय आर्ट्स आणि सायन्स दोघांचा आहे. पेपर एकच, ८० लेखी आणि २० प्रात्यक्षिक. कॉमर्सचं गणित वेगळं, त्याचा क्रमांक ८८. म्हणजे अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र आणि सोबत गणित असं आर्ट्समधून रीतसर घेता येतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या प्रवेशपरीक्षेत गणित द्यावंच लागतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ला (संख्याशास्त्राची पदवी) बारावीत गणित आणि इंग्रजी हवं, शाखेची अट नाही. ही दारं आर्ट्समुळे बंद होत नाहीत. गणित टाकून दिल्यामुळे होतात.

अडचण एकच. आर्ट्सला गणित ठेवणारी कॉलेजं शोधावी लागतात. नियम परवानगी देतो, वेळापत्रक देत नाही.

---

रानजाई

बोरूबहाद्दर, आर्ट्सला गणित घेता येतं हे आमच्या दोन्ही घरांत कुणालाच माहीत नव्हतं! लेकीला वाचून दाखवलं, ती उडालीच. उद्या कॉलेजात जाऊन विचारते.

---

पाटीपेन्सिल

"सायन्समधून नंतर काहीही" या वाक्यात एक पाचर आहे, ती कुणी सांगत नाही. दार उघडं असतं, पण आत जायला बारावीचे मार्क लागतात.

आमच्या नात्यातला एक मुलगा. दहावीला उत्तम टक्के, भाषांमध्ये हुशार. "नंतर बदलू" म्हणून सायन्सला घातला, तेही कॉलेज आणि क्लास एकत्र असलेल्या ठिकाणी. कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकापुरतं जायचं, बाकी सकाळी सातपासून क्लास. दोन वर्षं पोरगं रोटेशनल मोशनशी झुंजलं. बारावीला जेमतेम पन्नाशी गाठली. मग घरच्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, घे बाबा आता तुझं ते अर्थशास्त्र. चांगल्या कॉलेजांच्या बी.ए.च्या गुणवत्ता यादीत हा कुठे दिसणार? तिथे आर्ट्सचीच पोरं नव्वदीच्या घरात बसलेली. शेवटी जिथे मिळाला तिथे प्रवेश घेतला. वाट बदलता आली, नाही असं नाही. पण ज्या दारातून हा दहावीच्या मार्कांवर ताठ मानेने गेला असता, तिथे बारावीनंतर मागच्या बाकावर.

आवडीच्या विषयात मिळवलेले ऐंशी टक्के जास्त ठिकाणी चालतात, नावडत्या विषयातल्या पन्नास टक्क्यांपेक्षा. सासऱ्यांना हे असंच सांगा.

---

गवतीचहा

पाटीपेन्सिल +१. आणि क्लासची फी एकदा भरली की पोराला मधून बाहेर काढायला आईबापांचं मन होत नाही, हेही त्यात धरा. "एवढे पैसे घातलेत, आता एकच वर्ष राहिलंय."

---

तिरकीरेघ

सगळं वाचतोय. एक कडू बोलू का? ही लवचिकता वगैरे ऐपत असणाऱ्यांची भाषा आहे.

मी ज्या वस्तीतल्या मुलांबरोबर काम करतो तिथे मुलीचं एक वर्ष "विचार करण्यात" गेलं की घरात स्थळांचा विषय निघतो. अतिशयोक्ती करत नाहीये. बारावीला एक विषय राहिला, पुरवणी परीक्षा दिली, निकाल येईपर्यंत प्रवेश संपले, मुलगी घरी बसली, आणि दिवाळीनंतर कांद्यापोहे. तिला तुम्ही सांगणार की आवड शोध, वाट बदल? मुलाचं असं झालं तर तो बापाबरोबर कामावर जायला लागतो आणि हातात पैसा आला की पुन्हा वर्गात बसवत नाही.

इंग्रजी पेपरांत येतात त्या गोष्टी, आयटी सोडून शेती, बँक सोडून फोटोग्राफी, त्यांच्या मागे फ्लॅट असतो, बापाची पेन्शन असते. ते कुणी लिहीत नाही.

---

दगडीपाटा

तिरकीरेघ, तुमचं म्हणणं खरं आहे आणि म्हणूनच उलटं आहे. ज्याच्याकडे वर्ष वाया घालवायची ऐपत नाही त्यालाच अशी वाट जास्त लागते, जिच्या प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी पडेल.

मी स्वतः त्या वाटेने आलोय. दहावीनंतर आयटीआय, फिटर, दोन वर्षं. त्या सर्टिफिकेटवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षात. आता बेरीज करा: आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, डिग्री तीन. सात वर्षं. अकरावी-बारावी करून सरळ इंजिनिअरिंगला गेलेल्याला दोन अधिक चार, सहा वर्षं. फरक एका वर्षाचा. आणि माझ्या वाटेवर मला मधे दोन वेळा उतरून कमावता आलं असतं. एकदा उतरलोही. वडील आजारी होते, डिप्लोमानंतर एका कारखान्यात लागलो, घर सावरलं आणि मग डिग्रीचा फॉर्म भरला. बारावी सायन्सवाला मधेच उतरला तर त्याच्या हातात काय? बारावीची मार्कशीट.

फुकट नाही मिळत हे. डिप्लोमातून डिग्रीला गेलेल्यांना एम-थ्रीचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताचा पेपर कसा छळतो ते विचारा कुणालाही. बारावीच्या पोरांचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं असतं, आम्ही थेट लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये उडी मारलेली. आमच्या वर्गातले निम्मे त्या एका विषयाची के.टी. घेऊन फिरायचे. तरी वाट आहे आणि ती चालते.

मुलींसाठी नर्सिंगचंही असंच आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा कुठल्याही शाखेच्या बारावीवर करता येतो, नोकरी लागते, पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंगला थेट जायचं तर पीसीबी (फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी) लागतं, पण या वळशाने आर्ट्सची मुलगीही तिथे पोचते. डी.फार्म. दोन वर्षांचं, त्यावर बी.फार्म.ला थेट दुसरं वर्ष. त्याला मात्र बारावी सायन्स हवी.

---

तिरकीरेघ

दगडीपाटा, हे पटलं. वस्तीतल्या मुलांपुढे येऊन हेच बोलाल का? गंभीरपणे विचारतोय.

---

दगडीपाटा

कधीही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

उंबरठा_

दगडीपाटांच्या वाटेला जोड. आयटीआय केलेल्यांना दोन भाषा विषयांची परीक्षा देऊन बोर्डाकडून बारावीची समकक्षता मिळते. पेपरात बोर्डाचं निवेदन येतं ना, "पुनर्परीक्षार्थी, श्रेणीसुधार, तुरळक विषय, आयटीआयचे विषय घेऊन प्रविष्ट होणारे", त्यातली ही पोरं.

त्याच यादीतलं 'तुरळक विषय' हेही कामाचं. बारावी झाल्यावर राहिलेला एखादा विषय घेऊन परीक्षा देता येते. माझ्या भाचीने पीसीएम (बायॉलॉजीऐवजी गणित) घेऊन बारावी केली आणि नंतर मेडिकलचं डोक्यात आलं. पूर्वी अशांची पंचाईत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगून टाकलं, की बारावीनंतर जादा विषय म्हणून बायॉलॉजी केलेलीही नीटला पात्र. जुन्या माहितीवर "ते दार बंद आहे" सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना विचारा, माहिती कुठल्या सालची?

---

खुसपट

आमचे काका १९८७ चे आहेत. अजून "डी.एड. कर, लगेच चिकटशील" सांगतात.

---

निळीशाई

मी पदवी कॉलेजात आहे (मराठी विभाग, म्हणजे कुठला विषय टिकतो आणि कुठला बंद पडतो हे आम्हाला आधी कळतं). नव्या शैक्षणिक धोरणाचा विषय अजून निघाला नाही याचं नवल वाटलं.

कागदावर तर लवचिकतेची रेलचेल आहे. धोरण जुलै २०२० चं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांना २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं. एक वर्ष करून थांबलात तर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा, तीन वर्षांवर पदवी, चार वर्षं केलीत तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक) ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, कमाल सात वर्षं. २०२२ च्या एप्रिलपासून एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी आहे, दोन्हीच्या तासांची वेळ एकमेकांवर येत नसेल तर, किंवा एक नेहमीसारखी वर्गात बसून आणि दुसरी दूरस्थ.

आता वर्गातून काय दिसतं ते सांगते. पहिल्या वर्षानंतर "मी सर्टिफिकेट घेऊन थांबते" म्हणून कुणी आलं, तर आधी जादाची चार क्रेडिट्स उन्हाळ्यात कौशल्याच्या कोर्सची करावी लागतात, हेच त्यांना ठाऊक नसतं. आणि एका वर्षाच्या सर्टिफिकेटचं काय करायचं हे नोकरी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिष्यवृत्तीचं वेगळंच. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या कितीतरी योजनांत कोर्स चालू असताना दोन वर्षांचा खंड पडला की नाव बाद. धोरण म्हणतं बाहेर जा, पुन्हा या. शिष्यवृत्ती म्हणते गेलात ना, मग या तुमच्या पैशांनी. तिरकीरेघ यांची मुलं नेमकी या फटीत पडतात.

पण एक गोष्ट मला मनापासून आवडली, आणि तिची कुणी जाहिरात करत नाही. ओपन इलेक्टिव्ह. आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मागच्या वर्षी माझ्या वर्गात कॉमर्सची मुलं व्यावहारिक मराठी शिकायला आली. त्यांतल्या एकीने बातमी लिहायचा सराव असा मनावर घेतला की पत्रकारितेच्या पदव्युत्तर कोर्सची चौकशी करत होती. तिला कॉमर्स सोडावं लागलं नाही, वर्ष गेलं नाही, फक्त दुसऱ्या खोलीत डोकावायची मुभा मिळाली. माझ्या मते लवचिकता असावी तर एवढीच, रोजची, विनाखर्चाची. मोठमोठ्या 'एक्झिट'पेक्षा हे बरं.

अर्थात डोकावायला खोल्या किती, हे कॉलेजात शिक्षक किती यावर. आमच्याकडे यादीत छापलेले इलेक्टिव्ह आणि प्रत्यक्ष चालणारे इलेक्टिव्ह यांत फरक असतो. प्रवेशाआधी "कुठले विषय आहेत?" असं विचारू नका. "गेल्या वर्षी कुठले वर्ग प्रत्यक्ष भरले?" असं विचारा.

---

चांदणचुरा

मी जरा आशेचं बोलू का? वेंकी रामकृष्णन. बडोद्याला फिजिक्समध्ये बी.एस्सी., अमेरिकेत १९७६ मध्ये फिजिक्सचीच पीएच.डी. आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन बायॉलॉजी शिकायला बसले. २००९ चं नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं! तीन विषय झाले. आणि आपले डॉ. श्रीराम लागू, कान-नाक-घशाचे सर्जन. मनात असलं की वाट सापडते.

---

बोरूबहाद्दर

चांदणचुरा, दोन्ही उदाहरणं वर्गात मीही देतो, पण पूर्ण देतो. रामकृष्णन फिजिक्सची पीएच.डी. *संपवून* उठले. लागू पूर्णवेळ नट झाले १९६९ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, तोवर सर्जन म्हणून काम करत होते. अर्धवट टाकून गेलेल्यांतला एकही या यादीत नाही. आधीचं एखादं काम तडीला नेलेलं असलं, की बदललेल्या वाटेकडे लोक कौतुकाने बघतात. तीन ठिकाणी पहिलं वर्ष करून सोडलेल्याकडे कुणी कौतुकाने बघत नाही.

---

सुतळीतोडा

मनुष्यबळ विभागात आहे, बोरूबहाद्दरांशी सहमत. बायोडेटात वाट बदललेली दिसली तर आम्ही फक्त विचारतो, का बदललीत? ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं त्याला काही अडत नाही. ज्याचं उत्तर "असंच, मित्र करत होते" असतं त्याचं अडतं.

अवांतर: लागू डॉक्टर होते आणि घाणेकरही डॉक्टर होते, तेव्हा नट व्हायचं तर मेडिकल घ्यावं असा निष्कर्ष निघतो का?

---

खुसपट

निघतो. काका, ऐकताय ना?

---

पाटीपेन्सिल

एक राहिलं. काही दारांना वयाचं कुलूप असतं, तिथे "बघू नंतर" चालत नाही. एनडीए साडेसोळा ते साडेएकोणीस, बस्स. यूपीएससीला खुल्या गटातून बत्तीस वर्षं आणि सहा प्रयत्न. याउलट वकिली तिशीत सुरू करणारे मी पाहिलेत. सीएलाही उशिरा येता येतं. कॉमर्सच्या पदवीला पंचावन्न टक्के, इतरांना साठ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला बसता येतं. म्हणजे जे लवकर बंद होतं त्याचा निर्णय आधी घ्यायचा, जे थांबून राहतं त्याची घाई करायची नाही. लोक नेमकं उलटं करतात. सोळाव्या वर्षी एलएलबी की एमबीए यावर भांडतात आणि एनडीएचा फॉर्म तारीख उलटल्यावर आठवतो.

---

रानजाई

किती लिहिलंत सगळ्यांनी! काल कॉलेजात जाऊन आले, ते सांगते.

आमच्या गावच्या कॉलेजात आर्ट्सला गणित नाही. उपप्राचार्य सज्जन आहेत, म्हणाले, "मॅडम, शिक्षक आहेत, पण गणिताचा तास सायन्सच्या वेळापत्रकात आहे. त्याच वेळी आर्ट्सचा इतिहास असतो. एका मुलीसाठी वेळापत्रक हलवता येत नाही." मी विचारलं, तिला इतिहास नकोच असेल तर? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असं अजून कुणी विचारलं नव्हतं." पण मानसशास्त्र त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे तिथे गाडं अडलं.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक कॉलेज आहे, तिथे आर्ट्सला अर्थशास्त्र, मानसशास्त्र आणि गणित असा गट खरोखर चालतो. निळीशाई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. गेल्या वर्षी गणिताला आर्ट्सची मोजकीच मुलं होती, पण वर्ग भरला. सायन्सच्या मुलांबरोबर बसवतात.

रोजची एसटी. जाऊन-येऊन दोन तास. सासरे म्हणतात, आर्ट्ससाठी कुणी एवढी पायपीट करतं का? मेडिकलसाठी केली असती तर चाललं असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

---

बोरूबहाद्दर

एसटीत मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, वेळेचा आहे. त्या कॉलेजात तास कितीला सुरू होतात आणि पहिली गाडी कितीला पोचते तेवढं बघा. ज्युनिअरचे वर्ग सकाळी सातला असतील तर अवघड आहे.

आणखी एक पर्याय सांगून ठेवतो, वापरावा असं म्हणत नाही. एनआयओएस. राष्ट्रीय मुक्त विद्यालय. बारावीला अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, जे हवं ते एकत्र घेता येतं, शाखांची भिंतच नाही. पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी. पण सोळा वर्षांच्या मुलीने दोन वर्षं घरी बसून अभ्यास करणं, सोबत मैत्रिणी नाहीत, शिक्षक नाहीत, हे फार थोड्यांना झेपतं. खेळाडू आणि कलाकार मुलं करतात, त्यांना दिवसभराचं दुसरं काहीतरी असतं.

---

गवतीचहा

रानजाई, लेक काय म्हणते एसटीबद्दल? आपण सगळे तिच्या वतीने बोलतोय.

---

रानजाई

ती म्हणते, "आई, एसटीत मी झोपेन." 😀 तास साडेदहाचे आहेत, बोरूबहाद्दर. पावणेनऊची गाडी चालते.

तिला आणखी एक विचारायचंय, मला टाइप करायला लावलं: पुढे डेटा वगैरे शिकावंसं वाटलं तर आर्ट्समधून काही आहे का, की तिथेही फिजिक्स आडवं येतं?

---

उंबरठा_

तिला सांगा, आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. आहे, २०२० पासून. जेईई नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असावं, बारावी कुठल्याही शाखेची. आधी काही आठवडे शिकवतात आणि मग त्याच अभ्यासावर पात्रता परीक्षा घेतात, पास झालात तर आत. फाउंडेशन, डिप्लोमा, बी.एस्सी., बी.एस. असे टप्पे आहेत, मधे थांबलं तरी त्या टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं. बी.ए. अर्थशास्त्र करता करता हेही करणारी मुलं आहेत. निळीशाईंनी दोन पदव्यांची परवानगी सांगितली ती इथे कामी येते. उत्पन्न कमी असेल तर फीत सवलत आहे. सोपं मात्र समजू नका, फाउंडेशनच्याच गणित-संख्याशास्त्राला बरेच गळतात.

---

बोरूबहाद्दर

आणि म्हणूनच ४० नंबरचं गणित. पुन्हा एकदा सांगून गप्प बसतो.

---

तिरकीरेघ

रानजाई, सासऱ्यांचं काय?

---

रानजाई

पाटीपेन्सिल यांचा ऐंशी-पन्नासचा हिशोब ऐकवला. उत्तर दिलं नाही, पण आज सकाळी डेपोत फोन करून पावणेनऊची गाडी सुट्टीच्या दिवशी असते का विचारत होते. पसंतीक्रमात ते कॉलेज पहिलं टाकलं, गावचं आर्ट्स दुसरं. सायन्स टाकलेलं नाही.

---

वखारवाला

उशिरा आलो. थोडं विषयांतर, पण नवा धागा काढत नाही. मुलगा कॉमर्सला जातोय, ते ठरलंय. कॉलेज विचारतंय गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)? सगळे म्हणतात एसपी घे, मार्क पडतात. तो म्हणतो सीए करेन. पण अजून नक्की नाही.

---

पाटीपेन्सिल

एसपीला मार्क पडतात हे खरंच आहे, पाठांतराचा विषय आहे. पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर गणित, रीझनिंग आणि संख्याशास्त्राचा आहे, शंभर मार्कांचा, आणि चुकलं की मार्क कापतात. ज्यांनी अकरावीलाच गणित सोडलेलं असतं त्यांचं तिथे हमखास अडतं. "नक्की नाही" म्हणतोय ना? मग गणितच. दहावीला किती होते गणितात?

---

वखारवाला

बहात्तर.

---

पाटीपेन्सिल

मग घेऊ द्या. दिवाळीपर्यंत अगदीच झेपलं नाही तर विषय बदलता येतो का, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे कॉलेजच्या ऑफिसात प्रवेश घेतानाच विचारून ठेवा.